बसायला जायचं, पण घ्यायची नाही: काय बोलायचं, ग्लासात काय ठेवायचं?

धंतोली_नाका

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरच्या काटोल रोडवरच्या एका फार्महाऊसवर जुन्या ग्रुपचं बसायचं, म्हणजे दारूच्या बैठकीचं, ठरलं आहे. एकूण १६ जण, वय तिशी ते पंचेचाळिशी, त्यात चार जोडपी. पाच जण अजिबात घेत नाहीत, तिघांना दोन पेगांवर थांबायचं आहे, उरलेले आठ नेहमीसारखे घेणार. जेवण सावजी, रात्रीचा मुक्काम नाही. व्यवस्था माझ्याकडे आहे.

मला चार गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. न घेणाऱ्यानं काय उत्तर द्यावं म्हणजे विषय तिथंच संपेल? आपल्याकडचा आग्रह माहीतच आहे, “काहून बे, आज उपास हाय का?”पासून “भावासाठी एक तर घे”पर्यंत. दुसरं, ज्यांना कमी घ्यायची आहे त्यांनी हिशोब कसा ठेवायचा? तिसरं, कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटल्या सोडून टेबलावर दुसरं काय ठेवता येईल? आणि चौथं म्हणजे कॉन्ट्री, म्हणजे खर्चाची वर्गणी. सगळ्यांची सारखी काढली की न घेणारे नाराज होतात, त्यांची कमी काढली की बाकीचे टोमणे मारतात.

पाचांपैकी एकानं काही महिन्यांपूर्वी सोडली आहे. त्याच्यासाठी वेगळं काही बघावं लागतं का, तेही सांगा.

बर्डी_ते_सदर

शब्दांपासून सुरू करतो, कारण बरीचशी गडबड तिथंच होते.

“आज नको” म्हटलं की समोरच्याला ऐकू येतं ते “नंतर चालेल”. तासाभरानं तो बरोबर परत येतो. “गोळ्या चालू आहेत” हे एका बैठकीपुरतं ठीक, पुढच्या वेळी “संपला ना कोर्स?” तयार असतं, आणि टेबलावर एक तरी जण गोळीचं नाव विचारून “त्यानं काही होत नाही” असा निकाल देणारा असतो. “सोडली” म्हटलं की केव्हा, का, किती घेत होता, घरी काही झालं का, अशी चौकशी लागते. त्यापेक्षा “मी घेत नाही” एवढंच बरं. त्यात आज-उद्या येत नाही आणि कारणही येत नाही, त्यामुळे खोडून काढायला हाताशी काही लागत नाही.

दुसऱ्यांदा विचारलं तर तेच वाक्य, त्याच आवाजात. इथं लोक चुकतात. पहिल्या नकाराला कारण नसतं, दुसऱ्याला ॲसिडिटी जोडतात, तिसऱ्याला सकाळची मीटिंग. प्रत्येक नवं कारण म्हणजे वादाचा नवा मुद्दा, आणि आपल्याकडे रात्री दहानंतर वाद घालायला सगळ्यांकडेच भरपूर वेळ असतो. तिसऱ्यांदा विचारलंच तर वाक्याच्या शेवटी काहीतरी मागा: “मी घेत नाही रे. तो शेंगदाण्याचा बाऊल इकडे सरकव.” समोरच्याच्या हाताला काम लागलं की आग्रह आपोआप उतरतो.

“भावासाठी एक” हा मात्र वेगळा प्रकार आहे. ते दारूबद्दल बोलणं नसतं. तू आमच्यातला आहेस की नाही, असं तो विचारत असतो. म्हणून उत्तरही त्याच प्रश्नाचं द्यावं: “तुझ्यासाठीच आलो ना भाऊ, शेवटपर्यंत बसतो.” आणि मग खरंच बसावं. न घेणारा साडेनऊला चुळबुळ करायला लागला, फोनमध्ये डोकं घालून बसला किंवा दुसऱ्याचे पेग मोजायला लागला, तर पुढच्या बैठकीत त्याच्यावरचा आग्रह दुप्पट होतो. आपल्याकडे कोणीतरी शुद्धीत बसून बघतोय, ही जाणीव घेणाऱ्याला टोचते. ती टोचू न देणं एवढं मात्र न घेणाऱ्याच्या हातात आहे.

काही कारणांवर नागपुरात वाद होत नाही. गळ्यात तुळशीची माळ असेल तर कोणी ग्लास पुढे करत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, पंचशीलातही मद्य वर्ज्य आहे. “आमच्या घरी प्रतिज्ञा पाळतात” एवढं पुरतं, आणि त्यावर कोणी हसू नये, हे टेबलावर बसलेल्या इतरांनी बघावं. फक्त ही कारणं खरी असतील तरच सांगावीत. श्रावणाचंही तसंच. श्रावण पोळ्याला संपतो आणि दुसऱ्याच दिवशी कर, म्हणजे मटण आणि बैठकांचा दिवस, असते. ज्याला बाराही महिने घ्यायची नाही त्यानं श्रावण पुढे केला की करीच्या दिवशी हक्काचं बोलावणं येतंच.

हॉटेलात असाल तर ऑर्डर सगळ्यांच्या आधी आणि नेमकी द्या: “एक फ्रेश लाइम सोडा, खारा.” “मला काही नको” म्हटलं की ती रिकामी जागा भरायला चार जण पुढे येतात. मिहानमधल्या कंपन्यांच्या टीम डिनरमध्ये तर वरिष्ठानंच पहिली ऑर्डर बिनदारूची दिली, तर नव्या मुलांना तोंड उघडावंच लागत नाही.

मापात_राहा

कमी घेणाऱ्यांचं काम अजिबात न घेणाऱ्यांपेक्षा अवघड असतं. न घेणाऱ्याची रेघ सगळ्यांना दिसते. “मी कमी घेतो” यातलं ‘कमी’ कुठं संपतं ते कोणालाच दिसत नाही, आणि दुसऱ्या पेगनंतर ते स्वतःलाही दिसेनासं होतं, कारण निर्णय घेणाऱ्या डोक्यावरच आधी परिणाम झालेला असतो. म्हणून आकडा घरून ठरवून निघा आणि बैठकीतल्या एका माणसाला आधीच सांगून ठेवा.

आता आकडा म्हणजे काय ते बघू. ‘दोन पेग’ हे माप नाही. लहान पेग ३० मिली, मोठा ६०. व्हिस्की-रमवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे ३० मिलीत साधारण १० ग्रॅम अल्कोहोल. हे १० ग्रॅम एक एकक धरा. क्वार्टर म्हणजे १८० मिली, सहा एककं. ७५० मिलीचा खंबा पंचवीस. बीअरवाले “मी फक्त बीअर घेतो” म्हणतात तिथं सगळ्यात मोठा घोळ होतो: ६५० मिलीची स्ट्रॉंग बाटली ८ टक्क्यांची असेल तर तिच्यात सुमारे ४१ ग्रॅम, म्हणजे चार लहान पेगांइतकं. माइल्ड ५ टक्क्यांची असेल तर अडीच. ३३० मिलीची माइल्ड पिंट सव्वा ते दीड. वाइनचा १५० मिलीचा ग्लास दीड. लेबल वाचल्याशिवाय बीअरचा हिशोब धरू नका.

यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निकाली काढतं. सोडा वाढवला, लिंबू पिळलं, आंघोळ केली तरी हा वेग बदलत नाही. म्हणून तासाला एक लहान पेग हीच वरची हद्द.

हात नेहमी तीन ठिकाणी सुटतो. डोळ्यांनी ओतलेला ‘घरचा पेग’ क्वचितच ६० च्या आत असतो, आणि रुंद स्टीलच्या ग्लासात तर तळ झाकण्यातच तेवढी जाते. याला उपाय म्हणजे ३०-६० चं मापटं, किंवा औषधाच्या बाटलीबरोबर येतो तो मिलीच्या खुणांचा छोटा प्लॅस्टिक कप. बाटलीच्या बुचानं मोजू नका, प्रत्येक ब्रँडचं बूच वेगळं. दुसरं म्हणजे टॉप-अप. अर्ध्या ग्लासात कोणी धार सोडली की मोजणी तिथंच संपली. ग्लास पूर्ण संपल्याशिवाय भरू द्यायचा नाही, कोणी बाटली वाकवली की ग्लासाच्या तोंडावर तळहात. आणि तिसरी गोष्ट जेवणाची. चखणा खारट, सावजीची तर्री जहाल. तोंड पोळलं की लोक पाण्याऐवजी ग्लास उचलतात आणि अर्धा पेग दोन घोटांत जातो. ताटाजवळ पाण्याचा वेगळा तांब्या हवाच.

तुमच्या तिघांसाठी सगळ्यात सोपी युक्ती सांगतो. सुरुवातीलाच प्रत्येकाची ६० मिली मोजून छोट्या स्वच्छ बाटलीत काढून नाव लिहून ठेवा. ती त्याची रात्रभराची. ३० मिलीला १५० ते २०० मिली सोडा किंवा पाणी, एक ग्लास तासभर, त्याच्यानंतर एक पूर्ण ग्लास साधं पाणी, मग दुसरा. छोटी बाटली रिकामी झाली की पुढचे ग्लास त्याच आकाराचे, पण सोडा-लिंबाचे. हात रिकामा राहिला नाही की कोणाचं लक्षही जात नाही.

रिकाम्या पोटी बसू नका. अल्कोहोल मुख्यतः लहान आतड्यातून शोषलं जातं; पोटात अन्न असेल तर ते तिथं सावकाश पोचतं. सात वाजता दोन पोळ्या-भाजी किंवा वरण-भात खाऊन निघालेला माणूस आणि दुपारच्या डब्यावर आलेला माणूस, यांच्यात त्याच दोन पेगांचा फरक उघड दिसतो.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो: कमी म्हणजे सुरक्षित असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं की आरोग्याला धोका नाही अशी अल्कोहोलची कोणतीच पातळी सांगता येत नाही. वरचा हिशोब नुकसान कमी करण्यापुरता आहे.

खामला_किचन

टेबलाबद्दल मी सांगते. न घेणाऱ्याला फ्रुटी किंवा दोन लिटरच्या बाटलीतलं कोमट कोल्ड्रिंक दिलं की तो लहान मुलांच्या रांगेत जातो, आणि गोड पाण्याचे तीन ग्लास मोठ्या माणसाला जातही नाहीत. दारू सावकाश प्यायली जाते ती तिच्या कडू-तिखट चवीमुळे. बिनदारूच्या पेयातही आंबट, कडवट, थोडं झणझणीत असं काहीतरी हवं आणि साखर कमी हवी, मग ग्लास आपोआप अर्धा तास पुरतो.

डिसेंबर म्हणजे आंबिया बहाराची संत्री बाजारात असतातच. एका ग्लासाला ९० मिली संत्र्याचा रस, १० मिली लिंबाचा रस, अर्धा चमचा आल्याचा रस, चिमूटभर काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मोठे बर्फाचे तुकडे आणि शेवटी १०० मिली थंड सोडा. आल्याचा रस वगळू नका, घशाला लागणारा चटका त्यानंच येतो. मीठ आधी रसात विरघळवा. सोडा ओतल्यावर मीठ टाकलं की सगळा फेस ग्लासाबाहेर येतो आणि उरतं ते सपाट पाणी. सोडा ग्लासाच्या कडेनं सोडा आणि चमच्यानं एकदाच हलवा.

नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की काही वेळानं कडू होतो, हे इथं बऱ्याच जणांनी अनुभवलं असेल. ताज्या रसात ज्याला चव नसते असं एक द्रव्य असतं, त्याचं रसातल्या आम्लामुळे हळूहळू लिमोनिनमध्ये रूपांतर होतं, आणि लिमोनिन कडू. बिया आणि फोडींच्या पांढऱ्या सालीत ते जास्त. म्हणून मिक्सरमध्ये फोडी फिरवू नका, बिया फुटल्या की रस गेलाच. हातयंत्रावर हलक्या दाबानं पिळा, लगेच गाळा आणि शक्यतो अर्ध्या-एक तासात वापरा. सकाळी नागपुरात रस काढून संध्याकाळी काटोल रोडला न्यायचा बेत असेल तर सोडून द्या. संत्री आणि यंत्र तिकडेच न्या. मध्यम आकाराच्या तीन संत्र्यांतून साधारण १५० मिली रस निघतो. पाच न घेणारे आणि तीन कमी घेणारे, प्रत्येकी तीन ग्लास धरले तर सव्वादोन लिटरच्या आत काम होतं, म्हणजे ४५ संत्री. मी तर ६० नेईन, कारण घेणारेही मागतात.

दुसरं, अंबाडीचं. वाळलेल्या लाल बोंडांच्या पाकळ्या २० ग्रॅम, एक लिटर उकळतं पाणी, झाकून १५ मिनिटं. गाळून घ्या, ६० ग्रॅम गूळ किंवा साखर, दोन लवंगा, दालचिनीचा छोटा तुकडा, आणि पूर्ण थंड करा. ग्लासात अर्धं हे, अर्धा सोडा. रंग वाइनसारखा गडद लाल येतो, चव आंबट-तुरट. ॲल्युमिनियमच्या किंवा लोखंडी भांड्यात करू नका, आंबटपणामुळे धातूची चव उतरते. स्टील किंवा काच. मधुमेह असणाऱ्यांसाठी गूळ घालण्याआधीच थोडं बाजूला काढा.

आणि मांडणी. ही पेयं बाटल्यांच्याच टेबलावर, त्याच ग्लासांत, त्याच बर्फाच्या भांड्याशेजारी ठेवा. वेगळ्या कोपऱ्यात ठेवली की न घेणाऱ्याला दर वेळी उठून जावं लागतं, आणि दर वेळी कोणीतरी विचारतं, “कुठं चालला?”

वर्धा_रोड

थोडं कायद्याचं, कारण मुक्काम नाही म्हणता.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. पहिल्या वेळी दंड १०,००० रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा १५,००० किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ६५ किलोच्या पुरुषानं दोन लहान पेग भरभर घेतले तर तो या हद्दीच्या पलीकडे जाऊ शकतो, ५५ किलोच्या बाईला एकही पुरे होतो. स्ट्रॉंग बीअरच्या एका बाटलीनंतर तर काही तास गाडीचा विचारच नको. त्यामुळे मापात_राहा यांच्या हिशोबातले दोन पेगवालेही चालक म्हणून धरू नका. चालक पाचांतलेच. १६ जणांना चार गाड्या, चार चालक. नावं आधीच ग्रुपवर टाका. “गाडी माझ्याकडे आहे” हे कारण सगळ्यांच्याच फायद्याचं असल्यामुळे त्यावर कोणी वाद घालत नाही. फक्त दर वेळी त्याच माणसावर चार घरं फिरायची पाळी येऊ देऊ नका, नाहीतर तो यायचंच बंद करतो.

महाराष्ट्रात व्हिस्की-रमसारख्या दारूसाठी वय २५ पूर्ण लागतं. ग्रुपमध्ये कोणाचा २३ वर्षांचा भाऊ येणार असेल तर त्याला आग्रह करणाऱ्यांना हे एक वाक्य पुरे.

पुढे कधी सहल काढाल तर लक्षात ठेवा, वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. चंद्रपूरची २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठली. पण बुटीबोरी-जाम-वरोऱ्यावरून ताडोब्याला जाताना जामच्या टप्प्यात तुम्ही वर्धा जिल्ह्यातून जाता, आणि डिक्कीतली बाटली तिथं अडचणीत आणू शकते. उलट, ज्यांना बिनदारूचीच सहल हवी त्यांनी बोर व्याघ्र प्रकल्पाकडे जावं. तो मुख्यतः वर्धा जिल्ह्यात येतो, त्यामुळे कोणाला नाही म्हणायची वेळच येत नाही.

मेडिकल_चौक

ज्यानं सोडली आहे त्याच्याबद्दल आणि औषधांबद्दल लिहितो. हे जरा नीट वाचा.

सोडलेल्या माणसाला डायसल्फिरामची, म्हणजे दारू सोडण्यासाठी दिली जाणारी, गोळी चालू असू शकते, आणि तो ते कोणाला सांगेलच असं नाही. ही गोळी चालू असताना अल्कोहोल पोटात गेलं की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब पडू शकतो. परिणाम शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. “गंमत म्हणून कोल्ड्रिंकमध्ये थोडी टाकली” हा प्रकार म्हणून जिवावर बेतू शकतो. ही गंमत नाहीच, कोणाच्याही बाबतीत. मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल या पोटाच्या नाहीतर दातांच्या त्रासात दिल्या जाणाऱ्या गोळ्यांबरोबरही घेऊ नये, आणि कोर्स संपल्यावर आणखी दोन-तीन दिवस थांबावं.

याच कारणानं, कोला भरून ‘घेतोय असं दाखवणं’ मला पटत नाही. सारख्या दिसणाऱ्या ग्लासांची अदलाबदल होते, किंवा कोणी मायेनं त्यातच भर टाकतो. ग्लास सारखे ठेवायचे असतील तर न घेणाऱ्यांच्या ग्लासाच्या कडेला संत्र्याची चकती खोचा. ओळखू येतं आणि उठूनही दिसत नाही.

०.०, म्हणजे बिनदारूची, बीअर आणणार असाल तर लेबल बघा. ०.० वेगळी आणि ०.५ टक्क्यांपर्यंतची वेगळी. आपल्या अन्न नियमांत ०.५ टक्क्यांच्या वर असेल तरच ते मद्य. प्रतिज्ञा किंवा माळ पाळणाऱ्याला हा फरक महत्त्वाचा असतो. आणि नुकती सोडलेल्या माणसाला यातली कोणतीच देऊ नका. वास, फेस, बाटलीचा आकार, सगळं तेच असतं आणि त्यानंच तलफ उठते.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणारा कोणी असेल तर जेवण बाराला नको. अल्कोहोलच्या कामात गुंतलेलं यकृत नवी साखर सोडत नाही, आणि रिकाम्या पोटी साखर घसरते, कधी कधी मध्यरात्रीनंतरही. घाम, थरथर, अडखळतं बोलणं. लोकांना वाटतं चढली. शंका आली तर ग्लुकोमीटरनं बघा. ७० च्या खाली असेल आणि माणूस नीट गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. चढून निपचित पडलेल्यालाही तेच: कुशीवर, एकटं सोडायचं नाही. कॉफी पाजून उपयोग नाही.

आणखी एक. आठांपैकी कोणी रोज घेणारा असेल आणि तुमच्या प्रेमानं त्यानं एकदम बंद करायचं ठरवलं, तर थांबवा आणि आधी डॉक्टरकडे न्या. सकाळी हात थरथरतात आणि घेतल्यावर थांबतात, ही खूण. अशा माणसानं अचानक सोडली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर भ्रम होऊ शकतो. औषधांच्या आधारानं सोडणं सुरक्षित असतं. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस १४४१६.

रामदासपेठ_वाचक

चार जोडपी आहेत म्हणून लिहिते. बाईनं ग्लास नाकारला की दोन मिनिटांत “काय गं, गुड न्यूज का?” येतं. नवीन लग्न झालेलीला हमखास. काही जणींना तो प्रश्न अतिशय दुखावणारा असतो, उपचार चालू असू शकतात, काही गमावलेलं असू शकतं. धंतोलीदादा, यजमान म्हणून तुम्ही हा प्रश्न टेबलावर येऊ देऊ नका. कोणी विचारलाच तर तुम्हीच मध्ये पडा: “वहिनी, संत्र्याचं घेणार की अंबाडीचं?” तिला उत्तर द्यावं लागता कामा नये. उलट बाजूही आहे: जी घेते तिच्याकडे बघून “अरे वा, वहिनीपण!” असं कोणी म्हणू नये. नवऱ्याकडे बघून “हिला देऊ का?” असं तर नाहीच.

कोणाला काय हवं ते सगळ्यांसमोर विचारण्यापेक्षा दोन दिवस आधी प्रत्येकाला वेगळा मेसेज करा: “संत्रा-सोडा, अंबाडी, की बाटलीतलं?” तिन्ही पर्याय एकाच ओळीत. न घेणं हा एक पर्याय झाला की कोणाला कारण सांगावं लागत नाही. आणि ओळख करून देताना “हा आपला, पण घेत नाही बरं का” अशी घोषणा कृपया नको; त्या एका वाक्यानं रात्रभराचा आग्रह सुरू होतो.

कॉन्ट्रीचं. जागा, जेवण, चखणा, संत्री, सोडा, बर्फ हे सगळं सामाईक, भागिले १६. दारूचा खर्च वेगळा: पूर्ण घेणारे आठ म्हणजे आठ वाटे, कमी घेणारे तीन म्हणजे दीड वाटा, एकूण साडेनऊ. दारू ९,५०० ची झाली तर पूर्ण घेणाऱ्याचे १,०००, कमी घेणाऱ्याचे ५००, न घेणाऱ्याचे शून्य. सोडा सामाईक खात्यातच ठेवा, त्यावरून किरकोळ भांडणं होतात. आकडे बैठकीच्या आधी ग्रुपवर टाका, पैसेही आधीच घ्या. टोमणे रात्री बाराला हिशोब काढला की निघतात. हॉटेलात हे अजून सोपं पडतं, दारूवर व्हॅट आणि जेवणावर जीएसटी असल्यामुळे बिलात रकमा वेगळ्याच येतात.

धंतोली_नाका

सगळ्यांचे मनापासून आभार. यातलं बहुतेक मी तसंच करणार. चार चालकांची नावं आणि कॉन्ट्रीचे आकडे उद्याच ग्रुपवर टाकतो. दोन शंका राहिल्या. जेवण किती वाजता लावू? नऊला लावलं तर घेणारे बसतच नाहीत. आणि सोडलेल्या मित्राला बोलवावं की न बोलवणंच बरं?

मापात_राहा

जेवण दोनदा लावा. पावणेआठला पोटाला आधार होईल असं काहीतरी: उकडलेली अंडी, पनीर, मुगाची भजी, भाकरीचे तुकडे आणि झुणका. नुसते शेंगदाणे-चिवडा नको, त्यानं फक्त तहान वाढते. मुख्य ताट दहाला. सावजी रस्सा साडेनऊला पुन्हा गरम करायला ठेवा, वास सुटला की लोक आपणहून उठतात. ताटं लागली की बाटल्या टेबलावरून आत न्या, “संपली” किंवा “बंद” असं काही न बोलता. जेवणानंतर परत बसायची सवय असेल तर तिथं विडा, सुपारी आणि चहा ठेवा. न घेणाऱ्या चालकांना साडेबाराला निघायचं आहे असं आधीच सांगून ठेवलं की शेवटचा पेग आपोआप साडेदहाच्या आत येतो.

मेडिकल_चौक

मित्राला विचारा, त्याच्या वतीनं ठरवू नका. न बोलावल्याचं त्याला नंतर कळलं तर ते जास्त लागतं. विचारताना सगळं सांगा: किती जण घेणार, कुठं, किती वाजेपर्यंत, परत कोण नेणार. “नाही” म्हणाला तर एकदाही आग्रह नको. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी फुटाळा तलावावर चहाला भेटा, पूर्ण ग्रुप नसला तरी तिघं-चौघं. येतो म्हणाला तर तीन गोष्टी करा. निघायचं साधन त्याच्या स्वतःच्या हातात हवं, म्हणून त्याला चार चालकांत धरू नका आणि त्याची गाडी कोणाच्या मागे अडकवू नका. त्याची बसायची जागा बाटल्यांच्या टेबलापासून दूर, चुलीजवळ किंवा शेकोटीजवळ, न घेणाऱ्या दोघांच्या मध्ये ठेवा. आणि त्यानं आठला येऊन पावणेदहाला निघायचं ठरवलं असेल तर ते फक्त तुम्हाला माहीत असू द्या. तो उठला की तुम्ही सोबत गेटपर्यंत जा, म्हणजे “बस ना यार” म्हणायला कोणी मागे येणार नाही. त्याचं ताट साडेनऊलाच वाढून द्या.